क्लचवर पाय बसेपर्यंत

पहिले चार दिवस ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. माझ्यासोबत गाडी शिकायला बसणाऱ्या प्रत्येकीला मी आधी हेच सांगते. रेस दिल्याशिवाय गाडी हलेल कशी, हा प्रश्न ठरलेलाच असतो. हलते. सपाट मैदानावर पहिला गिअर टाकून नुसता क्लच हळूहळू सोडला, तर साधी पेट्रोल वॅगनआरसुद्धा भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने पुढे सरकायला लागते. एवढी एक गोष्ट डाव्या पायाला कळली की गाडी शिकण्यातला सगळ्यात अवघड भाग मागे पडतो.

गेल्या काही वर्षांत घरातल्या आणि शेजारच्या सात-आठ जणींना मी गाडी शिकवली. बहुतेकींकडे परवाना आधीच होता. क्लास झालेला, चाचणी पास झालेली, आणि परवाना मात्र पाकिटात पडून. ‘सिग्नलला गाडी बंद पडते, मागून हॉर्न वाजायला लागतात आणि मग काही सुचत नाही,’ असं जवळपास प्रत्येकीनेच सांगितलं. याचं मूळ क्लासच्या गाडीत आहे. तिथे शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. आपला पाय चुकायला लागला की तो काही न बोलता आपल्या बाजूचा क्लच दाबतो. गाडी बंद पडत नाही आणि आपल्याला वाटतं, जमलं. वर्दळीच्या रस्त्यावर गाडी चालती ठेवायची तर त्याला दुसरा इलाज नसतो, हेही खरं. पण जे आपल्या पायाला कळायला हवं, ते त्याच्या पायाला कळत राहतं. म्हणून क्लास केलेला असो वा नसो, क्लचचा सराव एकदा साध्या, दुहेरी पॅडल नसलेल्या गाडीत झालाच पाहिजे.

मैदानावर जायच्या आधी कागदोपत्री गोष्टी. पक्का परवाना नसेल तर शिकाऊ परवाना हवा, गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा आणि शेजारी पक्का परवाना असलेलं माणूस हवं. शिकाऊ परवाना ६ महिने चालतो आणि मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. साध्या गाडीत शेजारी बसलेल्याच्या हाताशी थांबवायचं साधन एकच असतं, मधला हॅण्डब्रेक. त्यामुळे शिकण्यासाठी ओढायचा दांडा असलेलीच गाडी घ्या, बटणाचा हॅण्डब्रेक असलेली नको. जागेचं म्हणाल तर आम्ही गुरुवारी सकाळी भोसरी एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यांवर जायचो, कारण त्या दिवशी तिथल्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी असते. तुमच्या गावात आठवडी बाजाराचं मैदान असेल, तर बाजार नसलेल्या दिवशी ते चांगलं. जागा सपाट हवी आणि पोरं क्रिकेट खेळत नसावीत, एवढं बघा.

क्लच दाबल्यावर आत काय होतं

हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. दहा मिनिटांचं काम आहे, पण त्याने महिनाभराची धडपड वाचते.

इंजिनच्या टोकाला एक जड, गोल चकती असते. तिला फ्लायव्हील म्हणतात. इंजिन चालू आहे तोवर ती फिरतच असते. तिला लागून क्लचप्लेट असते आणि या प्लेटच्या मधून जाणारा दांडा गिअरबॉक्समध्ये शिरतो. पॅडलवर पाय नसतो तेव्हा मागची प्रेशर प्लेट या क्लचप्लेटला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते. दोघी एकजीव होऊन फिरतात आणि इंजिनची ताकद चाकांपर्यंत जाते. पॅडल दाबलं की ही पकड सुटते. इंजिन आपलं फिरत राहतं, चाकांशी त्याचा संबंध राहत नाही.

आता गाडी जागेवर उभी असतानाची अडचण बघा. रेस न देताही इंजिन मिनिटाला साधारण ८००-९०० फेरे घेत असतं. चाकं मात्र थांबलेली. फिरतं इंजिन थांबलेल्या चाकांना एकदम जोडलं तर दोनच गोष्टी होऊ शकतात: गाडी गचका खाऊन उडी मारेल किंवा इंजिन बंद पडेल. नवशिक्याच्या हातून आलटून पालटून हेच होत असतं. यातून वाट एकच. प्लेट फ्लायव्हीलला टेकवायची, पण पूर्ण दाबू द्यायची नाही. ती थोडी घसरत राहील, घसरता घसरता चाकांना ओढेल आणि दोघांचा वेग जुळेल. छोट्या पेट्रोल गाडीत पहिल्या गिअरमध्ये, रेस न देता, हा वेग ताशी ६-७ किलोमीटरवर जुळतो. म्हणजे गाडी या वेगाला येईपर्यंत प्लेट घसरलीच पाहिजे. त्याला एक-दोन सेकंद लागतात. हे दोन सेकंद इंजिनला मिळवून देणं, एवढंच डाव्या पायाचं काम.

‘क्लच हळू सोड’ असं सगळेच सांगतात. मला हा सल्ला अर्धवट वाटतो. वरचा आणि खालचा भाग हळू सोडून काही साधत नाही. पॅडलच्या पूर्ण प्रवासात महत्त्वाचा टप्पा बोटभर रुंदीचा असतो. तिथवर पाय बऱ्यापैकी लवकर आणायचा, तिथे थांबवायचा, गाडी चालायला लागली की मग उरलेला सोडायचा. अडतं ते त्या मधल्या थांबण्यापाशी.

आमच्या भागातल्या मिस्त्रींनी एकदा नवी आणि जळलेली अशा दोन क्लचप्लेट माझ्या हातात दिल्या. नव्या प्लेटवरचं अस्तर जाड, खरबरीत, त्यावर खाचा, आणि ते धरून ठेवणारी रिव्हेटची डोकी अस्तरात खोल बसलेली. जुनीवर बोट फिरवलं तर अस्तर आरशासारखं गुळगुळीत झालेलं आणि रिव्हेट बोटाला थेट लागत होते. कडेला करपलेला वास अजून येत होता. हे अस्तर आपण रोज थोडं थोडं झिजवतो. झिजणं चुकत नाही. दोन सेकंद घसरण्यासाठीच ते बनवलेलं असतं. पण तेच वीस सेकंद घसरवलं तर ते तापतं, करपतं.

बसायची पद्धत

पाठ सीटला पूर्ण टेकवा आणि क्लच तळापर्यंत दाबा. तेव्हाही गुडघा किंचित वाकलेलाच राहायला हवा. पाय सरळ ताणला जात असेल तर सीट पुढे घ्या. उंची कमी असलेल्या बायका सीट मागेच ठेवून, टाचा उचलून, पंजाच्या टोकाने क्लच दाबताना मी पाहते. तसं केलं तर पायाला बारीक हालचाल करता येत नाही आणि अर्ध्या तासात पोटरी भरून येते. सीट वर-खाली होत असेल तर तीही लावून घ्या.

डावा पाय फक्त क्लचचा. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायाचे. चप्पल घालून शिकू नका. पातळ तळव्याचे बूट किंवा मागे पट्टा असलेले सँडल चालतील. जाड सोलच्या स्पोर्ट्स शूजमधून पॅडलचा अंदाज लागत नाही.

क्लच दाबताना पूर्ण पायाने, मांडीपासून दाबायचा. सोडताना टाच खाली गाडीच्या मॅटवर टेकवायची आणि पंजा तिच्याभोवती फिरवायचा. सुईत दोरा ओवताना मनगट कुठेतरी टेकवलं की हात स्थिर राहतो, तसंच हे आहे. काही गाड्यांत पॅडलचा प्रवास लांब असतो आणि टाच सुरुवातीपासून टेकत नाही. हरकत नाही. त्या बोटभर टप्प्यात तरी ती टेकलेली असू द्या.

पहिल्या दिवशी इंजिन बंद ठेवूनच वीसेक वेळा क्लच दाबा, गिअर टाका, न्यूट्रल करा. पहिला, दुसरा, रिव्हर्स कुठे आहेत ते खाली न बघता हाताला सापडायला हवं. यात जास्त वेळ घालवू नका, कंटाळा येतो.

ती जागा शोधणं

आता मुख्य सराव. सपाट जागा. एसी बंद, गाणी बंद, काच खाली, कारण आज कानाचं काम आहे. हॅण्डब्रेक सोडलेला, उजवा पाय ब्रेकवर घट्ट. क्लच तळापर्यंत दाबून इंजिन सुरू करा आणि पहिला गिअर टाका. ब्रेक दाबलेलाच ठेवून क्लच वर येऊ द्या, अगदी सावकाश.

बराच वेळ काहीच होणार नाही. मग एका ठिकाणी इंजिनचा आवाज खाली बसेल, जड होईल. स्टिअरिंगला बारीक थरथर जाणवेल. इंजिनचे मिनिटाचे फेरे दाखवणारा आरपीएमचा काटा थोडा खाली येईल. काही नव्या गाड्यांत इंजिन स्वतःच रेस सावरून घेतं, म्हणून काट्यापेक्षा आवाजावर विश्वास ठेवा. चुलीवरचं पाणी उकळी फुटायच्या आधी कसं वेगळं वाजतं, तसा हा बदल एकदा कळला की पुन्हा चुकत नाही. हाच बाइटिंग पॉइंट, आपल्याकडे बोलीत हाफ क्लच. पाय तिथेच थांबवा. मनात दोन मोजा. पुन्हा तळापर्यंत दाबा.

असं पंधरा वेळा करा. मग पाच मिनिटं क्लचला विश्रांती द्या, खाली उतरा, पाणी प्या. पुन्हा पंधरा वेळा. शेवटच्या पाच वेळा डोळे मिटून करा. गाडी ब्रेकवर उभी आहे, शेजारी माणूस आहे, भीती नाही. डोळे मिटल्यावर पायाला जागा जास्त लवकर सापडते, हे मी प्रत्येकीच्या बाबतीत पाहिलं आहे.

त्यानंतर तेच करायचं, फक्त पाय बाइटिंग पॉइंटवर थांबला की ब्रेक हळूच सोडायचा. गाडी सरकायला लागेल. इथे सगळ्यांची एकच चूक होते. माझी ताई वयाच्या ४६व्या वर्षी शिकत होती. तिला बाइटिंग पॉइंट अचूक सापडायचा, पण गाडी हलली रे हलली की तव्याला बोट लागावं तसा तिचा पाय झटकन वर यायचा. गचका, बंद. पुन्हा तेच. अर्धा तास गेला. शेवटी मी तिला म्हटलं, गाडी हलल्यावर पाय आहे तिथेच ठेव आणि तोंडाने काहीतरी म्हण. ती म्हणाली, ‘विठ्ठल, विठ्ठल.’ दोन वेळा विठ्ठल म्हणेपर्यंत गाडी चालीला लागली होती, मग तिने उरलेला क्लच सोडला आणि गाडीला कळलंही नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना तेच म्हणायला लावते. दोन विठ्ठल म्हणजे बरोबर हवे तेवढे सेकंद.

गाडी किती मऊ निघाली हे बघायला मी एक अर्धी भरलेली पाण्याची बाटली मधल्या खाचेत ठेवते. चालवणारीने समोर बघायचं, पाण्याकडे मी बघते. गचका बसला की पाणी मागच्या बाजूला चढतं आणि परत आपटतं. नीट निघाली तर पृष्ठभाग जरासा कलतो आणि सरळ होतो. चौथ्या दिवशी ताईच्या बाटलीतलं पाणी नुसतं कलत होतं.

याच दिवसांत गाडी मुद्दाम बंद पाडायचा सरावही करा. पाच-सहा वेळा क्लच झटकन सोडा आणि बंद पडली की क्रम पाठ करा: ब्रेक दाबा, क्लच तळापर्यंत, न्यूट्रल, चावी, पहिला गिअर, निघा. मैदानात हे पाच-सहा सेकंदांत जमायला लागलं की सिग्नलला मागून कितीही हॉर्न वाजले तरी हात आपोआप चालतात. सिग्नलची अर्धी भीती इथेच जाते.

थांबायचं कसं

वेग कमी करायचा असेल तेव्हा आधी ब्रेक, मग क्लच. नवशिके उलटं करतात. थांबायचं दिसलं की क्लच आधी दाबतात, गाडी मोकळी सुटते आणि इंजिनची जी अडवण्याची ताकद असते ती हातची जाते. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ताशी १५ च्या आसपास येईपर्यंत नुसता ब्रेक वापरा, इंजिन अडखळायच्या बेताला आलं की क्लच दाबा. पहिल्या गिअरमध्ये हळू सरकत असाल तर मात्र दोन्ही जवळजवळ सोबतच दाबावे लागतात. आणि मैदानात काही सुचेनासं झालं तर दोन्ही पाय क्लच-ब्रेकवर पूर्ण दाबा.

आता रेस

पाचव्या दिवशी उजवा पाय कामाला लावा. रेस आधी थोडीशी द्यायची, आरपीएमचा काटा १२००-१५०० च्या आसपास, आणि ती तशीच धरून ठेवायची. मग क्लच बाइटिंग पॉइंटवर, दोन विठ्ठल, आणि सोडताना रेस किंचित वाढवायची. इंजिन किंचाळत असेल तर रेस जास्त आहे, कण्हत असेल तर कमी. रेस भरपूर दिली की गाडी बंद पडत नाही, म्हणून बरेच जण आयुष्यभर तेच करत राहतात. त्याची किंमत क्लचप्लेट मोजते. आधी चार दिवस रेसशिवाय काढायचे ते यासाठीच, की पायाला गरजेपुरतीच रेस द्यायची सवय लागावी.

गिअर बदलताना होणारे धक्के

पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना गाडी मान हलवते, याचं कारण आकड्यांत दिसतं. छोट्या गाडीत ताशी २० च्या वेगाला पहिल्या गिअरमध्ये इंजिन साधारण २७०० फेऱ्यांवर असतं. त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये त्याला साधारण १४५० वर यायला हवं. रेस सोडून क्लच दाबल्यावर इंजिनचे फेरे उतरायला क्षणभर लागतो. त्याआधी क्लच सोडला तर गाडी पुढे ढकलली जाते. फार वेळ लावला तर इंजिन जास्तच खाली जातं आणि गाडीला मागून कुणी धरल्यासारखं होतं.

म्हणून क्रम असा: रेस पूर्ण सोडा, क्लच पूर्ण दाबा, गिअर न घाईने न रेंगाळता खाली ओढा, क्लच बाइटिंग पॉइंटवर आणून क्षणभर थांबवा, सोडा, मग रेस. दुसऱ्या गिअरला एक विठ्ठल पुरतो. तिसऱ्या, चौथ्याला तर गिअरांमधला फरक कमी होत जातो, तिथे नुसता अर्धा श्वास. छोट्या पेट्रोल गाडीत साधारण १५-२० ला दुसरा, ३० ला तिसरा, ४०-४५ ला चौथा, ५५-६० ला पाचवा, असं धरून चाला. पुढे कान सांगेल.

गिअर खाली आणताना उलटं होतं. ताशी ३० ला तिसऱ्यात इंजिन १५०० च्या जवळ असतं, दुसऱ्यात त्याला २२०० ला जायचंय. क्लच झटकन सोडलात तर चाकं इंजिनला ओढून वर नेतील आणि सगळ्यांची नाकं पुढे जातील. क्लच सोडायच्या आधी ॲक्सिलरेटरला हलकासा टिचका द्या, किंवा वेग आणखी थोडा उतरू द्या आणि क्लच एरवीपेक्षा सावकाश सोडा. सुरुवातीला दुसरा मार्ग बरा.

गिअर टाकताना कर्रकन आवाज आला तर बहुतेक वेळा क्लच पूर्ण दाबलेला नसतो. जोर लावू नका, पॅडल तळाला टेकवा आणि पुन्हा टाका. रिव्हर्सला गाडी पूर्ण थांबलेली हवी. आणि रिव्हर्स घेताना पुन्हा पहिल्या चार दिवसांचं तंत्र: सपाट जागी रेस अजिबात नाही, क्लचवरच सगळा खेळ.

चढावर थांबून निघणं

याला घाबरणारी माणसं सगळ्यात जास्त. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगचा उतार, उड्डाणपुलाच्या चढावर अडकलेली रांग, मागे नाकाला नाक लावून उभी असलेली दुचाकी. परवान्याच्या चाचणीच्या नियमांतही चढावर थांबून मागे न घसरता निघणं अपेक्षित आहे.

हॅण्डब्रेक वापरा. हॅण्डब्रेक वापरणारा कच्चा, असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नका. गाडी थांबली की हॅण्डब्रेक ओढा आणि उजवा पाय मोकळा करा. पहिला गिअर. रेस १५०० च्या जरा वर. क्लच बाइटिंग पॉइंटवर आणा. इथे गाडी तुम्हाला स्पष्ट सांगते: आवाज खाली बसतो, बॉनेट इंचभर वर उचलल्यासारखं होतं आणि गाडीचं बूड खाली दबतं. ते दिसेपर्यंत हॅण्डब्रेकला हात लावायचा नाही. दिसलं की दांड्याच्या टोकाचं बटण दाबून हॅण्डब्रेक खाली, पाय तिथेच, दोन विठ्ठल, मग क्लच सोडत रेस वाढवा. घाई फक्त एकाच ठिकाणी होते, बॉनेट उचलायच्या आधी हॅण्डब्रेक सोडण्यात. गाडी मागे सरकलीच तर क्लच-ब्रेक दाबा, हॅण्डब्रेक ओढा, पहिल्यापासून सुरू करा.

नव्या बऱ्याच गाड्यांत हिल होल्ड असतं. ब्रेकवरून पाय काढल्यावर ते गाडीला दोनेक सेकंद धरून ठेवतं. असेल तर जरूर वापरा, पण शिकताना हॅण्डब्रेकनेच शिका, कारण उद्या दुसऱ्या कुणाची गाडी चालवावी लागेल. सराव सोसायटीच्या उतारावर दुपारी, वर्दळ नसताना करा. रविवारी सकाळी सिंहगडाचा रस्ता यासाठी घेऊ नका. वळणं, चढ आणि गर्दी तिन्ही एकदम अंगावर येतात.

घाटाचा एक नियम इथेच सांगते, कारण त्याचा क्लचशी थेट संबंध आहे. अरुंद घाटरस्त्यावर समोरासमोर गाड्या आल्या तर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, उतरणाऱ्याने थांबायचं. चढावर थांबलेल्या गाडीला पुन्हा निघताना किती कष्ट पडतात हे आता तुमच्या पायाला माहीत आहे. वरंधा किंवा आंबेनळीसारख्या घाटात उतरत असाल तर वरच थोडी रुंद जागा बघून थांबा.

आणि उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून गाडी सोडू नका. पेट्रोल वाचतं हा समज चुकीचा आहे. आजच्या गाड्यांत गिअरमध्ये रेस सोडून उतरताना इंजिन जवळजवळ इंधन घेतच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र चालू राहण्यासाठी घेतं. त्याहून मोठी गोष्ट, इंजिनने अडवणं थांबलं की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर अपघातांच्या रूपाने याची किंमत अनेकदा मोजली गेली आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा.

रांगेत सरकताना

हडपसर असो वा ठाण्याचा घोडबंदर रस्ता, संध्याकाळच्या रांगेत डावा पाय रडकुंडीला येतो. पुढची गाडी हातभर सरकली की लगेच सरकायचं नाही. दोन गाड्यांएवढी जागा होऊ द्या, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून, रेस न देता, त्या ताशी ६-७ च्या वेगाने जा. मधे एखादा रिक्षावाला घुसेल. घुसू द्या. दर हातभराला हाफ क्लच करत राहण्यापेक्षा ते स्वस्त आहे. दहा सेकंदांहून जास्त थांबायचं दिसलं की न्यूट्रल करा आणि पाय पॅडलवरून काढा. सिग्नलला गिअरमध्ये क्लच दाबून उभं राहिलं की प्रेशर प्लेटची पकड सोडवणारं रिलीज बेअरिंग विनाकारण फिरत राहतं आणि तुमचा पायही थकतो.

चढावर मात्र हाफ क्लचवर गाडी तोलून उभी करायची सवय लावू नका. फार कसब असल्यासारखं दिसतं, पण त्या प्रत्येक सेकंदाला प्लेट घासत असते. तसंच गाडी चालती असताना पाय क्लचवर ठेवून बसू नका. नुसत्या पायाच्या वजनानेही पकड थोडी सैल होते. पॅडलच्या डावीकडे पाय ठेवायला जागा असते, तिथे ठेवा.

करपलेल्या तारेसारखा किंवा जळक्या ब्रेकसारखा वास आला तर गाडी बाजूला घेऊन दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या. एकदा वास आला म्हणजे प्लेट गेली असं नाही. पण चौथ्या गिअरमध्ये चढावर रेस दिल्यावर काटा वर जातो आणि वेग वाढत नाही, असं व्हायला लागलं तर प्लेट घसरते आहे, मिस्त्रीला दाखवा. बाइटिंग पॉइंट पूर्वीपेक्षा फार वर आला किंवा पॅडल जड झालं, तरीही दाखवा.

दुसऱ्या गाडीत बसताना

स्वतःच्या गाडीवर पाय बसला आणि मग नणंदेची डिझेल गाडी चालवायची वेळ आली, की सगळं विसरल्यासारखं वाटतं. विसरलेलं नसतं. प्रत्येक गाडीचा बाइटिंग पॉइंट वेगळ्या उंचीवर असतो. नव्या प्लेटचा बहुधा खाली, जुन्या गाडीचा अनेकदा वर. डिझेल इंजिनला कमी फेऱ्यांवर ताकद जास्त असते, म्हणून ती रेसशिवाय सहज निघते, पण क्लच झटकन सोडला तर धक्काही जोरात देते. अनोळखी गाडीत बसलात की निघायच्या आधी जागेवरच, ब्रेक दाबून, तीन वेळा बाइटिंग पॉइंट शोधा. ताई अजूनही हे करते. तिच्या जावयाची गाडी घेऊन आम्ही वाईला गेलो तेव्हा पार्किंगमध्ये तिने आधी काच खाली केली, जावयाला गाणी बंद करायला सांगितली आणि मान जराशी कलती करून इंजिनचा आवाज ऐकत तीनदा क्लच वर-खाली केला. खंबाटकीच्या चढाला पुढचा ट्रक थांबला, आम्हीही थांबलो. तिने हॅण्डब्रेक ओढला, बॉनेट उचललेलं दिसेपर्यंत वाट पाहिली, आणि मागच्या सीटवर झोपलेली नात जागी न होता गाडी निघाली.